घसारा

कॉमर्सच्या विद्यार्थ्याला जगातली प्रत्येक वस्तू झिजते, हे अकरावीतच सांगून टाकतात. सायन्सवाल्यांना तेच कळायला पुढे इंजिनियरिंगची चार वर्षे आणि बापाचे काही लाख खर्ची पडतात. आम्हाला मात्र पुस्तपालनाच्या तासालाच, यंत्र असो, इमारत असो की मोटार असो, दरवर्षी तिच्या किमतीतून थोडी रक्कम कापायची, तिला घसारा म्हणायचे आणि पुढे चालू लागायचे, एवढे तत्त्वज्ञान फुकटात मिळते.

त्यात पुन्हा दोन पद्धती. एकीत दरवर्षी सारखीच रक्कम कापतात. म्हणजे ठरलेल्या वर्षी वस्तू गेली असे समजून तिच्या नावाने पाणी सोडायचे. दुसरी घटत्या शिलकेची. तिच्यात उरलेल्या किमतीवर टक्केवारी लावतात. आयकर खाते मोटारीवर याच पद्धतीने १५ टक्के घसारा देते. अर्थात धंद्यातल्या मोटारीवर. नोकरदाराच्या मोटारीने आणि नोकरदाराने फुकटच झिजावे, अशी अपेक्षा असते. एका निवांत दुपारी (अशी दुपार आमच्या शाखेत फक्त सर्व्हर बंद पडल्यावर येते) मी आमच्या मारुती ८०० ला हा हिशेब लावून पाहिला. २००७ साली २,२०,००० रुपयांना घेतलेली गाडी अठरा वर्षांनी ११,८०० रुपयांवर येते. या पद्धतीची गंमत अशी की, किंमत दरसाल घटते, घटतच जाते, पण शून्य कधीच होत नाही. पेन्शनर जसा कितीही म्हातारा झाला तरी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेऊन काउंटरवर हजर होतो, तसेच हे.

तर आमची गाडी हयात होती. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले होते, म्हणजे सरकारही ती हयात असल्याचे मान्य करीत होते. मारुती ८०० म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिल्लीत पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली दिली, आणि २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या कित्येक घरांनी आयुष्यातली पहिली मोटार घेतली ती हीच. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, वजन सगळे मिळून साधारण साडेसहाशे किलो. आमच्या शाखेतली जुनी तिजोरी तिच्यापेक्षा जड असावी, असा आमच्या शिपायाचा दावा आहे.

गाडीचे इंजिन अजून उत्तम होते. रंग होता तिथे चांगला होता. तक्रार एकच होती, ती म्हणजे पुढच्या बाजूने येणारा आवाज. जरा खड्डा आला की पुढून 'खाड्' असा आवाज यायचा आणि नंतर गाडीचे नाक तीन-चार वेळा वरखाली व्हायचे. एखादा माणूस 'हो' म्हणून झाल्यावरही मान डोलावत राहतो ना, तसे. गाडी पाहणाऱ्याने यावरून ओळखायचे असते. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचे आणि सोडायचे. शॉकअप चांगला असेल तर गाडी एकदा वर येऊन गप बसते. आमची गाडी दाबल्यावर इतका वेळ डोलायची की चिरंजीवांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून त्याला लावणीची ढोलकी जोडली होती.

आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. त्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. गतिरोधक कसा असावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली लिहून ठेवले आहे. उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारी गाडी त्यावरून अलगद जावी. मी एका रात्री चिरंजीवांची फूटपट्टी घेऊन आमचा मोजला. उंची १६ सेंटीमीटर, रुंदी ४०. हा गतिरोधक नव्हे, ही भिंत आहे, फक्त बांधकाम अर्धवट राहिले आहे. तो कोणी घातला, हे गल्लीत कोणालाच माहीत नाही. एका सकाळी उठून पाहिले तर होता. स्वयंभू आहे. काही दिवसांनी त्याला शेंदूर लागला तरी मला नवल वाटणार नाही.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे होते. पण मागल्या पावसाळ्याआधी आईच्या पाठीत कळ निघाली, आणि फोटोत एक मणका दबलेला निघाला. हाडे ठिसूळ झाली की या वयात असे होते, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी भिंतीवरचे चित्र दाखवून आईला नीट समजावले. "हे बघा आजी, मणक्यांच्या मध्ये या चकत्या असतात ना, तेवीस असतात, त्या म्हणजे आपले शॉक ॲब्सॉर्बर. आता त्यांच्यावर भार नको. धक्के टाळायचे."

आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिने चित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि डॉक्टरांना विचारले, "याच्या गाडीत बसायचं नाही असं सरळ लिहून द्याल का? म्हणजे त्याला वाईट वाटायला नको."

त्यानंतर फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा तिला घेऊन जावे लागे. आई तक्रार करणाऱ्यातली नाही. ती फक्त गतिरोधक यायच्या आधी डोळे मिटायची, दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरायची आणि अथर्वशीर्ष सुरू करायची. गतिरोधक ओलांडल्यावर अथर्वशीर्ष जिथे असेल तिथे थांबायचे. पुढच्या खड्ड्याला तिथूनच पुढे. जाऊन-येऊन दोन आवर्तने व्हायची. रिक्षा करून पाहिली, तिच्यात तीन झाली.

एक दिवस ती म्हणाली, "वाईला फोन लाव. ताईला सांग, माझं काही आता येणं होत नाही. तिला म्हणावं, फोनवरच बोलत जाऊ."

ताई म्हणजे माझी मावशी. वय चौऱ्याऐंशी. वाईला ढोल्या गणपतीपासून हाकेच्या अंतरावर राहते. तिचे गुडघे तिला पुण्याला येऊ देत नाहीत आणि आईचा मणका आईला वाईला जाऊ देत नाही. दोघींची भेट होऊन चौदा महिने झाले होते. फोनवर बोलायचे म्हणजे मावशीला ऐकू कमी येते आणि आईला ओरडून बोलायला आवडत नाही. त्यामुळे पाच मिनिटांच्या बोलण्यात साडेचार मिनिटे 'काय म्हणालीस?' असायचे. मी फोन लावला नाही. लाइन लागत नाही म्हणून सांगितले. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे वाक्य माणसाला झोपेतही म्हणता येते.

मग मी एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसे मला बाजूला घेतले. "साहेब, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत. तेल गळतंय. माउंटिंग, बुश, सगळंच बघावं लागेल. साडेनऊ हजार धरा. पण खरं सांगू का? या गाडीत पैसे घालू नका. विकून टाका."

साडेनऊ हजार! म्हणजे पुस्तकी किमतीच्या ऐंशी टक्के! आमच्या बँकेत एवढ्या तारणावर एवढे कर्ज मागायला कोणी आला असता, तर मी त्याला पाणीही विचारले नसते. सौ. म्हणाली, "नवीनच घेऊ या ना." नवीन गाडी म्हणजे सात वर्षे हप्ते. कर्जाचे अर्ज रोज हाताळणाऱ्या माणसाला कर्जाची जितकी भीती वाटते तितकी कोणालाच वाटत नसेल. हलवाई मिठाई खात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा मी जाहीर केले, "शॉकअप मी घरी बदलणार."

घरात शांतता पसरली. मग सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, गेल्या महिन्यात ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला तुम्ही इलेक्ट्रिशियन बोलावला होता."

पण माझा निर्धार पक्का होता. माणसाने काम हाती घेण्याआधी त्याचे पूर्ण कागदपत्र पाहावेत, ही बँकेची शिकवण. मी पंधरा दिवस व्हिडिओ पाहिले, पुस्तके चाळली आणि एक वही केली. आमच्या गाडीला पुढे जो शॉकअप असतो तो साधा नव्हे. त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन हे अमेरिकेतले इंजिनियर. जनरल मोटर्समध्ये ते शेव्रोले कॅडेट नावाच्या लहान, स्वस्त गाडीवर खपत होते. १९४७ मध्ये कंपनीने तो बेतच गुंडाळला. तेव्हा ते तडक फोर्डमध्ये गेले, आणि १९५० साली इंग्लंडात जाहीर झालेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना त्यांची ही युक्ती बसली. एका ठिकाणी बढती अडली की दुसऱ्या ठिकाणी जाऊन नाव काढायचे, हा प्रकार आमच्या बँकांतही चालतो. फक्त आमच्यात नाव काढणारे कमी.

युक्ती तशी सोपी आहे. पूर्वीच्या गाड्यांत स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा, त्यांना धरून ठेवणारे हात आणखी वेगळे. अँबॅसडर आणि फियाटच्या मागच्या चाकांना तर बैलगाडीच्या नात्यातले वाटणारे पोलादी पाटे. मॅकफर्सनसाहेबांनी शॉकअपचाच उभा खांब केला, त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली, खाली चाक जोडले आणि वर गाडीचे अंग टेकवले. एकाच माणसाकडे कॅश, क्लिअरिंग आणि लॉकर अशी तिन्ही खाती द्यावीत तसे. जागा वाचली, खर्च वाचला. तो माणूस थकला की तिन्ही खाती बोंबलतात, एवढेच.

यात स्प्रिंगचे आणि शॉकअपचे काम वेगळे असते, हे मला प्रथमच कळले. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण तिचा स्वभाव असा की, मिळालेला धक्का ती जसाच्या तसा परत करते, आणि पुन्हा पुन्हा परत करीत राहते. शॉकअपच्या नळीत तेल असते. दट्ट्या वरखाली झाला की ते तेल बारीक भोकांतून जाते, अडते, कुरकुरते, गरम होते आणि धक्क्यातला जोर त्या उष्णतेत जिरून जातो. प्रत्येक घरात एक स्प्रिंग असते आणि एक शॉकअप असतो. आमच्या घरात कोण काय आहे, हे मी लिहिणार नाही. हा लेख सौ. वाचते.

सामान आणायला नाना पेठेत गेलो. तिथल्या दुकानदाराने मला काहीही न विचारता दोन शॉकअप पुढे ठेवले. मी म्हटले, "डावा जास्त आवाज करतो." तो म्हणाला, "साहेब, हे जोडीनेच बदलतात. एक नवा, एक जुना असला की गाडी एका अंगाला ओढते." सत्यनारायणालाही जोडीनेच बसतात, तेव्हा मी वाद घातला नाही. वरची माउंटिंग, बंप स्टॉप आणि धूळ अडवणारी रबरी कव्हरेही घेतली. जुनी रबरे पुन्हा वापरली तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, असे वहीत होते.

मुहूर्त दुसऱ्या शनिवारचा काढला. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळू लागली. त्या सुट्टीचा इतका उत्पादक उपयोग आमच्या शाखेत दुसऱ्या कोणी केल्याचे ऐकिवात नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून लोखंडी स्टँडची जोडी भाड्याने आणली. सकाळी आठला मी जुना पायजमा घालून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो.

सोसायटीत कोणी गाडीखाली शिरले की ती खाजगी बाब राहत नाही. तळमजल्यावरचे निवृत्त काका खुर्ची आणि पेपर घेऊन समोर येऊन बसले. ते म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी काही बोलणार नाही." आणि दुपारी एकपर्यंत बोलत राहिले. सेक्रेटरी येऊन फरशीवर तेल सांडता कामा नये म्हणून बजावून गेले. तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा कानातले यंत्र काढून म्हणाला, "काका, हे असं घरी करता येतं?" मी नकली गांभीर्याने म्हटले, "करता येतं की नाही ते संध्याकाळी कळेल."

पहिली गोष्ट, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, कारण चाक हवेत गेल्यावर ते नटाबरोबर आपणही फिरते. मग जॅक लावला, गाडी उचलली आणि स्टँडवर टेकवली. जॅक हा उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे जामीनदाराशिवाय कर्ज देणे. काढलेले चाक आडवे करून गाडीच्या कडेखाली सरकवले. स्टँड सरकलाच तर गाडी चाकावर बसावी, आपल्यावर बसू नये. बँकेत याला दुहेरी तारण म्हणतात.

"आजी!" चिरंजीव वर बघून ओरडले, "बाबा गाडीखाली गेले!" आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "दगड लावलेत का विचार!" तिला मोटारीतले काही कळत नाही, पण माझ्यातले कळते.

चिरंजीवांकडे बॅटरी धरण्याचे काम होते. चौदा वर्षांच्या मुलाने धरलेल्या बॅटरीचा प्रकाश आपल्याला हवे तिथे सोडून सर्वत्र पडतो, हा निसर्गनियम आहे. माझ्या लहानपणी मी वडिलांसाठी कंदील धरीत असे, तेव्हाही तो होता. ब्रेकची रबरी नळी शॉकअपला क्लिपने धरलेली असते, ती सोडवली. बोल्टांच्या जागांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. मग खालच्या बोल्टाला पाना लावला आणि जोर केला.

बोल्ट हलला नाही. अठरा पावसाळे खाल्लेला बोल्ट होता तो. मी पुन्हा जोर केला. काका म्हणाले, "उलटीकडे फिरवताय का?" मी उलटीकडे फिरवीत नव्हतो. आणखी तेल मारले, दहा मिनिटे थांबलो. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले. चहा आला. चहा पिऊन पुन्हा जोर केला. बोल्ट एखाद्या जुन्या थकबाकीदारासारखा जागचा हलेना. नोटीस झाली, स्मरणपत्र झाले, तरी ढिम्म. शेवटी काकाच उठले आणि घरातून नळाचा जुना लोखंडी पाइप घेऊन आले. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला. दांडा लांब झाला की जोर तेवढ्याच पटीने वाढतो, हे दहावीतल्या विज्ञानात होते. ते मला आठवत होते, पण पाइप काकांकडे होता. 'कर्रर्र' असा आवाज झाला. कर्ज वसूल झाले! गॅलरीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटते, सौ. होती.

चाकाचा भाग तारेने बांधून ठेवला, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो. मग बॉनेट उघडून वरचे नट काढले. वर मधोमध एक मोठा नट असतो, तो दिसायला सगळ्यांत सोपा. त्याला मात्र हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग तेवढ्या एका नटाने धरलेली असते. तो सोडला तर स्प्रिंगमधला दोन-अडीचशे किलोचा जोर एका क्षणात मोकळा होतो आणि समोर जे असेल ते घेऊन जातो. माझ्या वहीत त्या नटाभोवती लाल शाईने तीन वर्तुळे होती. स्ट्रट स्प्रिंगसकट अख्खा बाहेर काढला. दुसरी बाजू दुपारनंतर तासाभरात झाली. पहिला बोल्ट शिकवून गेला होता.

स्प्रिंग दाबून नट काढायचे काम घरी करायचे नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवले होते. त्याला स्प्रिंग दाबायचे वेगळे हत्यार लागते आणि ते वापरायला सवयीचा हात लागतो. धोका ज्याला पेलता येतो त्याच्याकडे तो सोपवावा. विम्याचा सगळा धंदा यावरच चालला आहे. भाजीच्या दोन पिशव्यांत दोन स्ट्रट घालून मी स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. वाटेत एका ओळखीच्या बाईंनी विचारले, "काय, सुरण का?"

मेकॅनिकने दोन्ही बाजूंनी आकडे लावून स्प्रिंग हळूहळू आवळली, मग मधला नट काढला. जुना शॉकअप त्याने माझ्या हातात दिला. दट्ट्या दाबला तर बोटाने आत गेला आणि आतच राहिला. अठरा वर्षे याच्या जिवावर आम्ही फिरलो होतो. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा असतो, म्हणजे आडवा राहून तेलात शिरलेली हवा निघून जाते. तो दाबायला मला सगळे वजन टाकावे लागले आणि तो सावकाश, 'बघतो, सांगतो' म्हणत असल्यासारखा परत वर आला. स्प्रिंगचे टोक तिच्या खोबणीत बरोबर बसले की नाही, ते मेकॅनिकने आणि मी असे दोघांनी तपासले. एकाने करायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, त्याशिवाय आमच्या बँकेत शंभर रुपयेही इकडचे तिकडे होत नाहीत.

रविवारी उलट्या क्रमाने सगळे बसवले. पुढची चाके जमिनीवर टेकल्यावर सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा आवळले. पार्किंगमध्ये जमलेल्या मंडळींसमोर मी बॉनेटचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप बसली. चिरंजीव निराश झाले, त्यांची ढोलकी वाया गेली. काकांनी स्वतः दाबून पाहिले. मग सेक्रेटरींनी. मग आयटीतल्या मुलाने. गाडी प्रत्येकाला एकच उत्तर देत होती. सोमवारी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. स्ट्रट बदलला की चाकांचे कोन हलतात आणि टायर एका अंगाने झिजू लागतात, म्हणून ते आवश्यक.

आता हिशेब. शॉकअप जोडी २,९०० रुपये. माउंटिंग आणि रबरे १,१५०. स्प्रिंगची मजुरी ३००. स्टँडचे भाडे १००. तेल २२०. अलाइनमेंट ४००. चहा आणि वडापाव, काकांसह, ३१०. एकूण ५,३८०. बचत ४,१२० रुपये. सौ.ने माझ्या दोन दिवसांची मजुरी आणि पायजमा धरला नाही म्हणून हरकत घेतली. लेखापरीक्षकाची शेरेबाजी म्हणून ती मी नोंदवून घेतली आहे.

राहता राहिला प्रश्न हा की, हा खर्च कोणत्या खात्यात घालायचा? पुस्तकाप्रमाणे दुरुस्ती म्हणजे महसुली खर्च, त्याच वर्षीच्या नफ्या-तोट्यात संपवायचा. ज्याचा लाभ पुढे बरीच वर्षे मिळतो, तो भांडवली. या मुद्द्यावर मी निर्णय राखून ठेवला आणि पुढच्या रविवारी सकाळी सहाला आईला गाडीत बसवले. पाठीशी उशी दिली. गल्लीच्या तोंडाशी आलो. आईने डोळे मिटले, कडी धरली, अथर्वशीर्ष सुरू केले. मी अगदी सावकाश, तिरकी चढवून, एकेक चाक करून गाडी त्या गतिरोधकावरून नेली. तो काही सपाट झाला नव्हता, पण 'खाड्' झाले नाही, आणि डोलणेही नाही. आईने एक डोळा उघडला. "गेला?" "गेला." ती पुढे म्हणत राहिली, पण आता नेहमीच्या चालीत. खंबाटकीच्या घाटात पहिले आवर्तन संपले तेव्हा ती बाहेर बघत होती. दुसरे तिने सुरू केले नाही. सुरूरला वळलो तेव्हा म्हणाली, "इथे ऊस चांगला आलाय यंदा."

मावशी ओट्यावरच बसून होती. आधी कळवले नव्हते. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग मावशी म्हणाली, "किती वाळलीस गं." दोघी दुपारी चारपर्यंत बोलत होत्या. विषय एकोणीसशे साठच्या सुमाराला हरवलेल्या एका पितळी पातेल्याचा होता. ते कोणी नेले, यावर त्यांचे एकमत झाले. 'काय म्हणालीस?' असे एकदाही कोणी म्हटले नाही, कारण दोघी एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

तिथेच बसून मी मनातल्या मनात ५,३८० रुपये भांडवली खात्यात टाकले. कोणाला तपासायचे असेल त्याने तपासावे.

जेवताना आईने बहिणीला सगळे सांगितले. दगड कसे लावले, पाइप कोणी आणला, मधल्या नटाला हात कसा लावला नाही. मधल्या नटाचे तिला कसे माहीत, हे मला अजून कळलेले नाही. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या मणक्याला बदली माल मिळत नाही का रे तुझ्या नाना पेठेत?" मी म्हटले, "मिळाला तरी जोडीनेच घ्यावा लागेल, आई." मावशीला हे ऐकू गेले नाही, म्हणून ते पुन्हा सांगावे लागले, आणि मग दोघी डोळ्यांना पदर लागेपर्यंत हसल्या.

निघताना मावशीने मला आत बोलावले. माजघरातल्या झोपाळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दोन वर्षं कुरकुरतोय. सुताराला सांगून थकले. एवढा शिकलायस, तर बघ की जरा."

पाने डिकीतच होते. आम्हाला निघायला सात वाजले.